केळीच्या गाड्या आणि प्रिंटची रांग : एका फळविक्री संस्थेतील प्राधान्यक्रमाचे प्रकरण

रावेर तालुक्यातील एका फळविक्री सहकारी संस्थेच्या आवारात मे महिन्यातील एका सकाळी अकराच्या सुमारास भरलेल्या पाच गाड्या उभ्या होत्या. वजन झाले होते, केळीच्या पानांची गादी घालून घड रचले होते, ताडपत्री बांधली होती आणि चालक चहा घेऊन परत आले होते. वजनपावती, गेटपास आणि बिल्टी (मालवाहतुकीची पावती) हे तीन कागद तेवढे हातात पडायचे राहिले होते. वजनकाट्यावरच्या लेखनिकाने ते संगणकावरून केव्हाच पाठवले होते. परंतु कार्यालयात प्रिंटर एकच, आणि त्याच्यावर त्या वेळी लेखापरीक्षणासाठी मागवलेल्या सभासदांच्या खातेउताऱ्यांची ३४० पाने निघत होती. दर दोन मिनिटांनी कोणीतरी खिडकीशी येऊन "भाऊ, बिल्टी झाली का?" असे विचारत होते आणि लेखनिक दर वेळी तेच उत्तर देत होता.

मी फैजपूर-सावदा परिसरातील काही कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करतो. या संस्थेचे काम माझ्याकडे येऊन तेव्हा जेमतेम एक महिना झाला होता. त्या दिवशी मला बोलावणे आले ते "प्रिंटर हळू चालतो" या तक्रारीसाठी. प्रिंटर हळू चालत नव्हता. मिनिटाला वीस पाने हा त्याचा वेग कागदोपत्री होता आणि प्रत्यक्षातही तेवढाच भरला. बिघाड होता तो कोणता कागद आधी निघावा हे ठरवण्याच्या पद्धतीत. ती पद्धत दुरुस्त करताना आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या दुसऱ्या कार्यालयांतही सहज होऊ शकतात, म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहीत आहे.

गाडी अर्धा तास थांबली तर काय बिघडले, असे ज्याने केळी पिकवलेली नाही त्याला वाटू शकते. रावेर, यावल आणि चोपडा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. झाडावरून उतरवलेल्या घडाचे श्वसन चालूच असते, ते उष्णता सोडते, आणि ताडपत्रीखाली बंद झालेल्या मालात ही उष्णता साठत जाते. गाडी चालू असली की वारा लागतो. उभ्या गाडीला तो लागत नाही. दिल्ली, पंजाब किंवा हरियाणापर्यंत जाणाऱ्या मालाला प्रवासाचे दिवस आधीच मोजून मिळालेले असतात. त्यातील पहिला तास आवारातच गेला, तर त्याचा परिणाम उतरवणीच्या वेळी फळाच्या रंगावर दिसतो, आणि रंगावरून कापलेला भाव शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदात, उतरतो. म्हणून प्रिंटरच्या रांगेचा हा प्रश्न मला पहिल्यापासून शेतमालाचा प्रश्न वाटला.

व्यवस्था अशी होती. लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारा एक सर्व्हर हिशोबाच्या खोलीत होता आणि त्याला सहा बैठका, म्हणजे कामाच्या जागांवरचे संगणक, जोडलेल्या होत्या: वजनकाट्याची खिडकी, रोखपाल, हिशोबनीस, सचिव, चेअरमन यांची केबिन आणि लेखापरीक्षकांसाठी तात्पुरती मांडलेली एक बैठक. सर्वांचा हिशोबाचा प्रोग्राम एकच, तो सर्व्हरवर चाले, आणि छपाईही सर्व्हरवरूनच होई. पूर्वी काट्यावर स्वतंत्र डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता; तो धुळीने निकामी झाल्यावर त्याच्या जागी दुसरा आला नाही आणि सगळा भार दालनातील लेझर प्रिंटरवर पडला. वर्षाचे दहा महिने हे चालून गेले. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यानंतर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि त्याआधी लेखापरीक्षण उरकावे लागते. त्यामुळे खतावण्या, तेरीज पत्रके आणि खातेउतारे यांची मोठी छपाई नेमकी केळीच्या भराईच्या दिवसांत येते. दोन हंगाम एकाच यंत्रावर येऊन आदळत होते.

उलटा आकडा

लिनक्सवर छपाईचे व्यवस्थापन सहसा ‘कप्स’ ही प्रणाली करते. मायकेल स्वीट यांनी ती लिहिली आणि १९९९ मध्ये ती पहिल्यांदा सर्वांसाठी खुली झाली; २००७ मध्ये तिचे हक्क अॅपलने घेतले. कप्समध्ये प्रत्येक कामाला १ ते १०० यांपैकी एक प्राधान्यांक असतो, १०० सर्वांत वरचा, १ सर्वांत खालचा, आणि कोणी काहीच सांगितले नाही तर ५० धरला जातो. छपाईची आज्ञा ‘एलपी’, आणि तिला ‘क्यू’ हा पर्याय जोडून आकडा दिला की काम त्या पायरीवर उभे राहते. प्राधान्यांक सारखा असलेल्या कामांत आधी आलेले आधी निघते. प्रिंटर मोकळा झाला की कप्स रांगेतले सर्वांत वरचे काम उचलते.

माझा अंदाज होता की सर्वच कामे ५० वर धावत असतील आणि गेटपासाला वरचा आकडा दिला की प्रश्न मिटेल. प्रोग्रामच्या मांडणीच्या पडद्यावर प्रत्येक बैठकीसाठी छपाईची आज्ञा लिहिण्याचा एक रकाना होता. तो उघडून पाहिल्यावर काट्याच्या बैठकीसमोर प्राधान्यांक लिहिलेला आढळला, आणि तो १ होता. म्हणजे ज्या कागदांवर गाड्या अडत होत्या, तेच कागद जाणूनबुजून रांगेच्या तळाशी पाठवले जात होते. त्यांच्या मागाहून आलेले साधे पत्रसुद्धा त्यांना ओलांडून पुढे जाई.

ही चूक निष्काळजीपणाची नव्हती. माझ्या आधी हे काम पाहणाऱ्या गृहस्थांची वही सर्व्हरच्या कपाटात होती. त्यांनी नव्वदच्या दशकात युनिक्स या लिनक्सपेक्षा जुन्या संगणकप्रणालीवर हात बसवला होता, ज्या काळात आपल्याकडच्या अनेक बँकांत आणि कार्यालयांत एससीओ युनिक्स चाले. ‘सिस्टिम फाइव्ह’ या युनिक्सच्या एका शाखेतल्या त्या प्रणालीतही आज्ञेचे नाव ‘एलपी’ आणि पर्यायाचे अक्षर ‘क्यू’ असेच होते; परंतु तेथे आकडे ० ते ३९ आणि ० सर्वांत वरचा, काही न सांगितल्यास २०. वहीत त्यांनी ठळक अक्षरांत "लहान आकडा म्हणजे आधी" असे लिहून ठेवले होते. कप्स शून्य स्वीकारत नाही, म्हणून त्यांनी त्याच्या जवळचा १ दिला असणार. आज्ञा तीच, अक्षर तेच, अर्थ मात्र नेमका उलटा. आणि रांग पाहण्याच्या नेहमीच्या आज्ञा कामांचा क्रम दाखवतात, त्यामागचा आकडा दाखवत नाहीत, त्यामुळे चूक कोणाच्या डोळ्यांसमोर आलीच नाही. विंडोजवर तर तिसरीच मोजणी आहे, तेथे १ ते ९९ आणि ९९ सर्वांत वर. एका प्रणालीवरून दुसरीवर जाताना ही दिशा कागदावर लिहून आणि दोन लहान कामे पाठवून तपासून घ्यावी, असे मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी करतो.

मी काट्याचा आकडा १ चा ८० केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या वेळेवर सुटल्या.

सगळेच शंभर

हे सुख पाच दिवस टिकले. कागद लवकर निघतात हे पाहून हिशोबनिसांनी काट्याच्या लेखनिकाला कारण विचारले, त्याने सरळपणे सांगितले, आणि हिशोबनिसांनी आपल्या बैठकीच्या रकान्यात १०० लिहिले. लेखापरीक्षक त्यांच्याकडेच तगादा लावत होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने त्यांचे काम खरोखरच तातडीचे होते. दोन दिवसांनी रोखपालांनी १०० केले, मग सचिवांनी. आठवड्याच्या शेवटी काट्याच्या लेखनिकानेही ८० खोडून १०० लिहिले. सहाही बैठका एकाच पायरीवर आल्या आणि रांग आधी येणाऱ्याची झाली. सर्वांना ५० असते तर जे झाले असते, तेच सर्वांना १०० असताना होऊ लागले. फरक इतकाच की आता प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याबद्दल थोडी अढी होती.

येथे जुन्या आणि नव्या व्यवस्थेतला एक खरा भेद समोर येतो. सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये ‘एलपीयूजर्स’ नावाची स्वतंत्र आज्ञा होती. तिच्याद्वारे व्यवस्थापक प्रत्येक वापरकर्त्याला कमाल मर्यादा घालून देऊ शके: अमुक नावाच्या माणसाला १० पर्यंत जाता येईल, बाकीच्यांना १५ पर्यंत, आणि काही न मागणाऱ्यांचे काम २० वर जाईल. मर्यादेच्या वर जाण्याची सोयच त्या वापरकर्त्याला नसे. कप्समध्ये या आज्ञेची जागा कशानेही भरलेली नाही. कोणाला प्रिंटर वापरू द्यायचा आणि ठरावीक काळात किती पानांपर्यंत, हे कप्समध्ये ठरवता येते. परंतु प्रिंटर वापरण्याची परवानगी ज्याला आहे, त्याला काम पाठवताना १०० मागण्यापासून ते मुळात अडवत नाही. ज्या काळात एका मोठ्या यंत्रावर अनेक माणसे बसत, त्या काळातल्या लोकांनी मर्यादेची गरज ओळखली होती. पुढे घरोघरी स्वतंत्र संगणक आले आणि ही गरज मागे पडली. पण सहा बैठकांच्या या कार्यालयात ती जशीच्या तशी उभी होती. आकडा देण्याचा अधिकार आणि आकड्याची कमाल मर्यादा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर प्राधान्यक्रम टिकत नाही, हे मला या आठवड्यात नीट समजले.

विचाराअंती आम्ही बैठकनिहाय रकाना बंद केला आणि त्याच्या जागी सर्व्हरवर एकच लहान स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञांची यादी, ठेवली. प्रोग्राम आता तिला कागदाचा प्रकार सांगतो, आणि आकडा कोणता द्यायचा हे स्क्रिप्ट स्वतः ठरवते. छपाई एका वेगळ्या खात्याच्या नावाने होते आणि प्रिंटरची परवानगी फक्त त्या खात्याला आहे. कप्समध्ये रांगेतल्या कामाचा आकडा बदलण्याचा हक्क कामाच्या मालकाला किंवा व्यवस्थापकाला असतो. मालक हे खाते झाल्यामुळे बैठकीवरून आकडा चढवणे थांबले. याची किंमतही मोजावी लागली. छपाईच्या नोंदवहीत सर्व पाने त्या एकाच खात्याच्या नावावर पडू लागली, म्हणून बैठकीचे नाव कामाच्या शीर्षकात घालावे लागले. आणि चुकून पाठवलेले काम ज्याचे त्याला रद्द करता येईना, म्हणून तो अधिकार रोखपालांकडे द्यावा लागला, कारण प्रिंटर त्यांच्या नजरेसमोर असतो. ही तटबंदी अभेद्य आहे असेही नाही. आज्ञा थेट टंकता येणाऱ्याला दुसऱ्याच्या नावाने काम पाठवण्याची वाट कप्समध्ये आहे. मात्र येथील बैठका सुरू होताच थेट प्रोग्रामच्या पडद्यावर जातात, आज्ञा टंकण्याची जागा कोणासमोर येत नाही, आणि या कार्यालयाच्या गरजेला एवढे पुरले.

दोन वेगळ्या रांगा करून त्या एकाच प्रिंटरला जोडाव्यात, असे सुचवले गेले होते. विंडोजवर ही रीत चालते, कारण तेथे एकाच यंत्राकडे जाणाऱ्या दोन नावांना वेगवेगळे प्राधान्यांक देता येतात. कप्समध्ये प्राधान्यांक त्या त्या रांगेच्या आतच लागू होतो. दोन रांगांपैकी जिला आधी यंत्र सापडले तिचे काम चालू राहते, दुसरी वाट पाहते. म्हणून तो मार्ग आम्ही सोडला.

कोणता कागद आधी

यंत्रणा उभी राहिली तरी तिच्यात भरायचे आकडे कोणी ठरवायचे, हा प्रश्न उरलाच. पहिली यादी मी एकट्याने केली आणि ती चुकली. गेटपास, बिल्टी आणि वजनपावती यांना ८०, रोख पावतीला ७०, सचिव आणि चेअरमन यांच्या पत्रांना व टिपणांना ६०, शेतकऱ्याच्या पट्टीला ४०, आणि खतावणी व उतारे यांना २०, अशी ती होती. कार्यालयात बसलेल्या माणसाच्या नजरेने मी ती केली होती, हे तिच्याकडे आज पाहताना स्पष्ट दिसते.

तिसऱ्याच दिवशी एक वयस्कर शेतकरी बाई विक्रीची पट्टी घेण्यासाठी सकाळी दहाला आल्या. पट्टी त्यांना बँकेत दाखवायची होती. त्या दिवशी संचालक मंडळाच्या सभेची टिपणे निघत होती. एकेक टिपण लहान, पण दुरुस्त होऊन पुन्हा पुन्हा येणारे, आणि प्रत्येक वेळी ६० च्या पायरीवर. मधे गाड्यांचे कागद, रोख पावत्या. ४० वरची पट्टी दर वेळी मागे सरकत राहिली. बाईंनी कोणाकडे तक्रार केली नाही, त्या बाकावर बसून राहिल्या. पट्टी साडेतीनला निघाली तेव्हा बँकेची वेळ हातातून गेलेली होती. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने यावे लागले. मी तेथे असतो तर एका आज्ञेने ती पट्टी वर घेतली असती. पण व्यवस्था माझ्या हजेरीवर अवलंबून असेल तर ती व्यवस्थाच नव्हे. ही चूक माझी होती, आणि मी ती मंडळासमोर तशीच मांडली.

वरच्या पायरीवरची कामे येत राहिली की खालच्या कामाची पाळी कधीच येत नाही, हा प्राधान्याच्या प्रत्येक रांगेतला ठरलेला धोका आहे. त्यावरचा उपायही जुना आहे: वाट पाहण्यात गेलेल्या वेळेबरोबर कामाची पायरी वाढवत न्यायची. कप्स हे आपण होऊन करत नाही. म्हणून सर्व्हरवर आणखी एक लहान स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी चालवली जाते आणि ती रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक कामाचा आकडा पाचाने वाढवते, जास्तीत जास्त ७५ पर्यंत. ६० वरून निघालेले काम पाऊण तासात ७५ ला पोहोचते, २० वरून निघालेले पावणेतीन तासांत. ८० च्या पायरीला कोणीही गाठत नाही.

गाड्यांच्या कागदांना असे कायमचे वर ठेवणे इतरांवर अन्याय ठरेल का, हे आम्ही मोजून पाहिले. एका गाडीचे तीन कागद म्हणजे तीन पाने, मिनिटाला वीस पानांच्या वेगाने नऊ सेकंद. समजा पाच गाड्यांचे कागद आणि ३४० पानांचे उतारे एकाच वेळी रांगेत आले. उतारे आधी काढले तर त्यांना १७ मिनिटे लागतात आणि पाचव्या गाडीचे कागद १७ मिनिटे ४५ सेकंदांनी निघतात. सहा कामांच्या पूर्ततेची सरासरी सुमारे १७ मिनिटे २२ सेकंद येते. गाड्या आधी घेतल्या तर पाचवी गाडी ४५ सेकंदांत मोकळी होते, उतारे १७ मिनिटे ४५ सेकंदांनी संपतात, आणि सरासरी ३ मिनिटे २० सेकंदांवर येते. उतारे मागणाऱ्याचे नुकसान फक्त पाऊण मिनिटाचे होते. ज्या प्रकारच्या कामाचा एकूण भार थोडा असतो, त्यालाच सर्वांत वरची पायरी निर्धास्तपणे देता येते. हेच स्थान उताऱ्यांना दिले असते तर बाकी सर्वांची वाट बंद झाली असती. हा हिशोब मी फळ्यावर लिहून दाखवला, तेव्हा हिशोबनिसांचा विरोध त्याच क्षणी संपला, कारण आकडे त्यांचाच विषय होता.

दुसरी यादी मंडळाच्या बैठकीत ठरली. तेथे चेअरमन यांनी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, सुरुवातीलाच विचारले की त्यांच्या पत्राला कोणता आकडा राहील. मी म्हणालो, "आबा, तुमचं पत्र वीस मिनिटं उशिरा निघालं तर आवारात काय अडून राहील, ते तुम्हीच सांगा." त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितले की काहीही अडणार नाही, पत्र टपालात तर संध्याकाळीच पडते. त्यानंतर प्रत्येक कागदाला तोच प्रश्न लावण्यात आला: हा कागद निघाला नाही तर कोण उभे राहील आणि कशासाठी? गाडीचे कागद ८०, रोख पावती ७०, शेतकऱ्याची पट्टी ६०, पत्रे आणि टिपणे ४०, उतारे आणि खतावण्या २०. माणसाच्या पदाला यादीत जागा राहिली नाही. १०० हा आकडा कोणत्याही कागदाला दिलेला नाही. अडचणीच्या वेळी व्यवस्थापकाला वर जागा हवी, म्हणून तो रिकामा ठेवला आहे. यादी एका कागदावर लिहून, सचिवांच्या सहीने, प्रिंटरच्या वर लावलेली आहे.

चालू काम थांबत नाही

एक अडचण आकड्यांनी सुटणारी नव्हती. प्राधान्यांक हा रांगेतून पुढचे काम निवडण्यासाठी असतो. छपाई सुरू झालेल्या कामाला तो थांबवत नाही. उताऱ्यांची ३४० पाने एकदा सुरू झाली की ८० च्या पायरीवरची बिल्टीसुद्धा १७ मिनिटे थांबणारच. सुरुवातीला आम्ही चालू काम रोखून ठेवण्याचा प्रयोग केला. काम रोखता येते. पण सोडल्यावर ते पहिल्या पानापासून पुन्हा सुरू झाले आणि आधी निघालेली दीडशेहून अधिक पाने वाया गेली.

उपाय साधा निघाला. उतारे हे मुळात प्रत्येक सभासदाचे वेगळे कागद असतात, प्रोग्राम फक्त त्यांची एकत्र मोळी बांधून पाठवत होता. आता ती मोळी सभासदाच्या सीमेवर तोडून सुमारे ४० पानांच्या तुकड्यांत पाठवली जाते. ३४० पानांचे नऊ तुकडे होतात, आणि दोन तुकड्यांच्या मधे कप्सला रांगेकडे पुन्हा पाहण्याची संधी मिळते. त्यामुळे गाडीच्या कागदाला जास्तीत जास्त एका तुकड्याइतके, म्हणजे दोन मिनिटे, थांबावे लागते. तुकड्यांचा आपसातला क्रम बिघडत नाही, कारण ते एकाच वेळी येतात, त्यांचा आकडा सारखाच वाढतो आणि सारख्या आकड्यांत आधीचा क्रमांक आधी निघतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त फायदा याच बदलाने झाला, प्राधान्यांकांपेक्षाही जास्त. जेथे लांब कामे तोडता येत नाहीत तेथे आकड्यांची कितीही काळजी घेतली तरी गाडी उभी राहणार.

पूर्ण वर्षाची खतावणी मात्र दिवसा काढूच नये असे ठरले. कप्समध्ये काम ठरावीक वेळेपर्यंत रोखून ठेवता येते. रात्री आठला कार्यालय बंद होण्यापूर्वी तासभर पहारेकरी आणि एक लेखनिक असतात, म्हणून सात वाजताची वेळ योग्य वाटली आणि मी १९:०० लिहिले. छपाई सुरू झाली मध्यरात्रीनंतर साडेबाराला. कोणी नव्हते, कागदाचा ट्रे संपला, आणि सकाळी काट्याच्या पहिल्या गाडीचे कागद कोऱ्या कागदाची वाट पाहत थांबले. कारण असे की कप्स ही वेळ स्थानिक न धरता जागतिक प्रमाणवेळेनुसार धरते, आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. सात वाजता हवे असेल तर १३:३० लिहावे लागते. ही वजाबाकी आता स्क्रिप्टच करते, माणसाने ती करायची नाही.

काट्यावर स्वतंत्र लहान प्रिंटर घ्यावा, ही सूचना मी पहिल्या आठवड्यातच दिली होती आणि ती आजही माझ्या मते बरोबर आहे. मंडळाने ती पुढच्या अंदाजपत्रकात घेण्याचे मान्य केले. तो प्रिंटर आला तरी वरची व्यवस्था काढू नये असे मी लेखी कळवले आहे, कारण धुळीच्या त्या जागेत यंत्र बंद पडेल त्या दिवशी काट्याचे कागद पुन्हा दालनातल्याच रांगेत येतील.

एक गोष्ट मी आधी धरलीच नव्हती. कागद निघायला उशीर झाला की लेखनिक प्रिंटचे बटण पुन्हा दाबतो. पूर्वी एका गाडीचे कागद दोनदा, कधी तीनदा रांगेत जात, आणि त्यामुळे रांग आणखी लांबे. त्याहून गंभीर म्हणजे एकाच गाडीचे दोन गेटपास हातात पडत, आणि दुसरा गेटपास फाटकावर कोणत्या गाडीला चालेल हे कोणी सांगू शकत नव्हते. बटण दोनदा दाबणाऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता, कारण आपला कागद कोठे आहे हे त्याला दिसतच नव्हते. आता पावती पाठवल्यावर खिडकीच्या पडद्यावर "पुढे २ कामे" असा मजकूर येतो, आणि दुसऱ्यांदा बटण दाबल्यास निघणाऱ्या गेटपासावर ‘दुबार प्रत’ असा शिक्का छापला जातो व त्याची नोंद सचिवांकडे जाते. जुलैअखेरपर्यंतच्या नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत. त्यांत दुबार प्रती आहेत, पण त्या कागद फाटल्यामुळे किंवा शाई फिकी आल्यामुळे काढलेल्या आहेत. लेखनिक मला म्हणाला की चालक आता खिडकीशी येऊन पडदा वाचतात आणि पुढे दोन कामे दिसली की गाडीकडे परत जातात.